दरुघाच्या खांद्यावरची शाल

सर, त्या माणसाच्या खांद्यावर तुम्ही स्वतःच्या हातांनी शाल घातलीत, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी वाईट बोलत नाहीये, जाब विचारतेय. तुम्ही होतात तेव्हा एकदा विचारला होता आणि तुम्ही तो टाळलात. मी सिडनीला आले, संसार केला, मुलगी वाढवली, एका केअर होमची मॅनेजर झाले, आणि एवढ्या सगळ्यात तो राग कुठेतरी तळाशी बसून गेला असं मला वाटत होतं. गेल्या गुरुवारी तो उसळून वर आला. त्या दिवशी आमच्या कंपनीने माझ्या शेजारच्या खुर्चीत एक माणूस आणून बसवला.

आपल्या तालुक्याच्या कॉलेजातला तो वर्ग मला स्पष्ट दिसतो. वर पत्रे तापलेत, दुपारचा तास आहे, निम्मी मुलं पेंगतायत, आणि तुम्ही पुस्तकात न बघता फळ्यावर मंगोल साम्राज्याचा नकाशा काढताय. प्रत्येक मुलुखाला वेगळ्या रंगाचा खडू. शहर शरण आलं की मंगोल तिथल्या राजाला सहसा हलवत नसत, असं तुम्ही सांगताय. त्याची गादी, त्याचा दरबार, त्याचे मानपान सगळं राहायचं. फक्त त्याच्या शेजारी एक माणूस आणून बसवायचे. मंगोल त्याला दरुघा म्हणायचे, तुर्क बास्काक म्हणायचे, इराणात तोच शहना. माणसं मोजायची त्याने, कर वसूल करून घ्यायचा त्याने, फौजेला पोरं द्यायची त्याच्या सांगण्यावरून, आणि शिक्का त्याचा. "दारोगा शब्द ऐकलाय ना?" तुम्ही विचारलंत. मागून कुणीतरी "पिक्चरमध्ये" म्हणालं आणि वर्ग हसला. तुम्हीही हसलात. "तोच तो. कुठून कुठे चालत आला बघा," म्हणालात. चीनमध्ये तर ही जागा तिथल्या माणसाला सहसा द्यायचेच नाहीत, कितीही हुशार असो, कितीही निष्ठावान असो, हेही तुम्हीच सांगितलंत. मी पहिल्या बाकावर बसून सगळं उतरवून घेत होते. सुभा, सरकार, परगणा अशी उतरंड तुम्ही निजामापर्यंत आणून सोडलीत, तेव्हा माझ्या मनात आलं होतं की या उतरंडीच्या अगदी तळाशी, वरचा हुकूम घेऊन गावोगाव पळणारा माणूस म्हणजे माझा पणजोबा. तुमच्याही पणजोबाचं काम तेच होतं, सर. म्हणून तर तुमचा तास मी कधी बुडवला नाही.

आणि म्हणूनच तुम्ही प्राचार्य झालात तेव्हा आपल्या वस्तीत पेढे वाटले गेले. आपल्यातला पहिला माणूस त्या खुर्चीत बसला होता. ज्या कॉलेजच्या फाटकातून आत जाताना आमच्या आधीच्या पोरांचे पाय अडखळायचे, त्या कॉलेजच्या पाटीवर तुमचं नाव लागलं. मी चार घरं फिरून सांगून आले. पुढे पंधरवडाही गेला नसेल आणि संस्थेने जाहीर केलं की कॉलेजला आता एक प्रशासकही असेल. चेअरमनचा जावई. त्याला शिकवण्याचा गंधही नव्हता, पण नेमणुका त्याच्याकडे, खर्च त्याच्याकडे, खडूचा खोका मागवायचा तरी सही त्याची. प्राचार्य तुम्हीच. पाटीवरचं नाव कुणी काढलं नाही.

त्याच्या स्वागताचा कार्यक्रम हॉलमध्ये होता. आमची आई सरकारी दवाखान्यात झाडलोट करायची, ती लवकर काम उरकून पांढरं लुगडं नेसून आली होती. चेअरमन भाषणात म्हणाले, आमचे प्राचार्य हे संस्थेचं भूषण आहेत. मग तुम्ही उठलात, ताटातली शाल उचललीत, घडी मोडलीत आणि त्या माणसाच्या खांद्यावर घातलीत. ती एका बाजूने घसरायला लागली तर तुम्ही पुन्हा वाकून ती सारखी केलीत. घालायची होती तर घालायची, पण घसरली तर घसरू द्यायची ना सर. एवढंसुद्धा तुमच्याच्याने झालं नाही. आई माझ्या शेजारी बसून जोरजोरात टाळ्या वाजवत होती. तिला वाटत होतं सत्कार तुमचाच चाललाय.

त्या संध्याकाळी मी तुमच्या घरी आले. काकू चुलीसमोर भाकरी थापत होत्या आणि तुम्ही पाटावर बसून मेथी निवडत होतात, कार्यक्रमातला शर्ट अजून अंगात होता. जयभीम झाला. मी उभीच राहिले. "सर, तुम्ही त्याला शाल का घातलीत?" म्हटलं.

"पाहुण्याला घालतात," तुम्ही म्हणालात.

"तो पाहुणा नाही. तो दरुघा आहे."

काकूंचा हात परातीत थांबला. तुम्ही एक काडी मोडलीत, पानं वेगळी केलीत. "धडा चांगला कळलाय तुला," म्हणालात. आणि मग, मी विचारलेलंही नसताना, बोललात, "राजाला गादीवर ठेवतात ते त्याचा मान राखायला नाही गं. रयत उठू नये म्हणून. राजा समोर दिसत राहिला की लोक म्हणतात, आपलाच माणूस आहे, सोसू थोडं."

"मग तुम्ही बसलात कशाला तिथे?"

"आवाज खाली," तुम्ही म्हणालात. इतक्या वर्षांत माझ्यावर कधी चढला नव्हता तसा तुमचा आवाज चढला होता. मग लगेच उतरला. "भाकरी होतेय. जेवून जा." मी जेवले नाही. चप्पल घातली आणि निघाले.

राग शालीचा तर आहेच, पण त्याहून जास्त या उत्तराचा आहे. तुम्हाला कळलं नसतं, तुम्ही भोळे असतात, संस्थेने तुम्हाला फसवलं असतं, तर मी तुमच्या बाजूने भांडले असते. पण तुम्हाला सगळं माहीत होतं. आपल्याला कशासाठी ठेवलंय हे अचूक कळलेला माणूस निवृत्त होईपर्यंत त्या खुर्चीत बसून राहिला आणि पोरांना तोच धडा शिकवत राहिला. पुढे त्या प्रशासकाने आपल्या पोरांना वसतिगृहातून कमी केलं, तेव्हा आपली माणसं त्याच्या दारात गेली नाहीत. ती तुमच्या दारात आली, आणि तुमच्या शब्दाखातर परत गेली. याला काय म्हणायचं सर? व्यवस्था? तुम्ही हा शब्द फार कौतुकाने वापरायचात.

आता माझं ऐका. मी इथे स्टुडंट व्हिसावर आले आणि फी भरायला म्हाताऱ्या माणसांना आंघोळी घालायचं काम धरलं. त्याच कामात टिकले, शिकले, वर चढले, आणि आता तेच होम चालवते. कोणाला चहात साखर दोनदा लागते आणि कोणाची मुलगी फक्त रविवारी फोन करते, हे मला पाठ आहे. मागच्या महिन्यात हेड ऑफिसच्या बाईंनी स्क्रीनवर एक नकाशा दाखवला. कंपनीची सगळी होम्स, निरनिराळ्या रंगांचे गट करून. प्रत्येक होममध्ये मॅनेजरच्या जोडीला एक 'लीड', म्हणजे हेड ऑफिसचा माणूस. बाई इंग्रजीत म्हणाल्या की तुझ्यासाठी काहीच बदलत नाहीये, या जागेचा चेहरा तूच आहेस, तो फक्त शेजारी बसून आकडे बघेल. हा तास मी ऐकलेला होता.

माणूस गुरुवारी आला. तरुण, नम्र, आधी हॉटेलांच्या कंपनीत होता. त्याने आल्या आल्या बेड किती, माणसं किती, कोण कुठल्या शिफ्टला ते विचारलं, आणि दुपारच्या आत संध्याकाळी भरवायला असलेल्या दोघींपैकी एक कमी केली. आमच्याकडे हाताने जेवू न शकणारी बरीच माणसं आहेत. एकेक घास, मध्ये थांबून, तोंड पुसून. मी म्हटलं, एकीला हे जमणार नाही, जेवण थंड होईल, माणसं उपाशी झोपतील. तो म्हणाला, "आय हिअर यू." आणि त्याच संध्याकाळपासून रोस्टरवर एकच नाव आलं. माझ्या हाताखालची नेपाळी नर्स माझ्या दारात येऊन म्हणाली, "दीदी, अब ग्लव्ज के लिए भी उन्हीं से पूछना पड़ेगा क्या?" मी हो म्हटलं. वर हेड ऑफिसचा निरोप आला की सोमवारी सगळ्या निवाशांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मॉर्निंग टी ठेव, आणि त्याची ओळख तू करून दे. तुझ्याकडून झाली तर लोकांना बरं वाटेल.

शनिवारी मुलीला घेऊन वेंटवर्थव्हिलला भाजी आणायला गेले होते. गाडीत तिला सगळं सांगितलं, तुमच्या शालीसकट. "सो डोन्ट डू इट," ती म्हणाली.

"नोकरी आहे गं."

"देन डू इट." थोड्या वेळाने फोनमधून मान वर काढून म्हणाली, "आई, यू आर मॅड ॲट अ डेड गाय. द ॲलाइव्ह वन इज ॲट युअर वर्क." मी हॉर्न उगाचच वाजवला.

आज, सोमवारी, स्कोनचे छोटे पाव होते, जॅम होता, टेबलांवर स्वच्छ कापडं होती. मी त्याची ओळख करून दिली. दोनच वाक्यं बोलले, पण बोलले. टाळ्या पडल्या. मग रेल्वेत गार्ड होते ते म्हातारे आजोबा उठले. त्यांची बायको आमच्याकडे आहे, बोलता येत नाही, गिळायला त्रास होतो. एरवी ते रोज दुपारी येतात आणि शेवटच्या बसने घरी जातात. त्यांनी सरळ त्या माणसाला विचारलं, माझ्या बायकोला संध्याकाळी भरवणारी ती मुलगी आता दिसत नाही, ती परत येणार का? तो छान हसला. माझ्याकडे हात करून म्हणाला, याचं उत्तर तुमच्या मॅनेजर देतील, ही जागा त्या चालवतात.

आजोबा माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता सर, विश्वास होता. ही आपलीच आहे, हिने काढलं असेल तर काही कारण असेल, असा. तो विश्वास मला सहन झाला नाही. मी म्हटलं, "ती येणार नाही. तिला यांनी काढलंय. मी नको म्हटलं होतं. माझ्या नको म्हणण्याला आता इथे किंमत नाही, सही यांची आहे. तुम्ही यांनाच विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा." एका आजींचा चमचा बशीत पडला. त्या माणसाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग आजोबांनी आपली खुर्ची उचलली, त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवली, तिच्यावर बसले आणि म्हणाले, बरं, मग सांग.

एवढंच होतं, सर. चार-पाच वाक्यं. बोलून मी मोकळी झाले आणि पुढच्या क्षणाला संतापले, तुमच्यावर. इतकं सोपं होतं तर तुम्ही का नाही बोललात? हॉल भरलेला होता. आपली सगळी माणसं कामं टाकून आली होती. माझी आई टाळ्या वाजवत होती. माइक तुमच्या हातात होता.

तुमची उत्तरं मला माहीत आहेत. तालुक्यात कॉलेज एकच होतं, मी उठलो असतो तर त्यांनी आपल्यातला दुसरा कुणी बसवलाच नसता, आत राहून चार पोरांचं तरी भलं केलं. मला इथे आठवड्यात दुसरी नोकरी मिळेल, केअर होमना माणसं हवीच असतात, आणि पासपोर्टही इथलाच आहे. तुम्हाला जायला दुसरी जागा नव्हती. हे सगळं मी तुमच्या वतीने स्वतःला सांगून पाहिलंय आणि मला ते पटलेलं नाही. आजही नाही. त्या आजोबांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते तुम्ही वर्षानुवर्षं रोज आपल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलंत, आणि पाहून घरी येऊन मेथी निवडलीत.

दुपारीच हेड ऑफिसची मेल आली. उद्या दहा वाजता बोलायचंय, माझ्या 'टोन'बद्दल. बाईंनी फोनवर आधीच सुचवलंय की लेखी दिलगिरी दिलीस तर विषय इथेच संपेल, आणि मग संध्याकाळी भरवणाऱ्या दुसऱ्या मुलीचंही बघता येईल. म्हणजे मी मान खाली घातली तर आजोबांच्या बायकोला कदाचित नीट जेवायला मिळेल. नाही घातली तर मी ताठ मानेने बाहेर पडेन, आणि माझ्या जागी बसेल त्याला कोण उपाशी झोपतं हे ठाऊकही नसेल. हा हिशोब तुम्ही करत होतात का सर? करत होतात तर मला तेव्हा का नाही सांगितलात? आवाज खाली, एवढंच सांगितलंत.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. तुमच्यावर रागवायला मला आवडतं, तेही कबूल करते, कारण तुम्ही माझी शिफ्ट कापू शकत नाही. आणि आणखी एक. हे लिहायला बसण्याआधी मी दिलगिरीची मेल लिहिली आहे. छान नम्र झालीय, तुम्ही शिकवलेली मुलगी आहे मी. ती अजून पाठवलेली नाही. पुसलेलीही नाही.