फडक्याचं दुसरं टोक

९ मार्च, रविवार

ताई,

नमस्कार. तीर्थरूप लिहावं तर तुम्ही माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठ्या, प्रिय लिहावं तर खोटं होईल. म्हणून नुसतंच ताई. आम्ही मजेत आहोत, तुम्हीही असालच. पत्र तुमच्या लेकीच्याच हाती देते आहे. चिमणीने वाटेत फोडून वाचलं तर रागावू नका, तिला बहुतेक सगळं ठाऊक आहे.

काम एवढंच होतं, की तुमच्या हिरव्या रसाची कृती हवी होती.

डॉक्टरांनी यांना भाज्या वाढवायला सांगितल्या. (‘आमचे हे’ लिहिणार होते, पण हात अडखळला. तुम्हीही कधीकाळी तसंच लिहिलं असेल.) त्यावर हे म्हणाले, “पूर्वी घरी रस व्हायचा.” कोण करायचं, ते गुलदस्त्यात. जसा काही नळालाच यायचा!

मी दुसऱ्या दिवशी कामाला लागले. पालक, काकडी, कोथिंबीर, पुदिना, आल्याचा तुकडा. मिक्सरमधून काढलं, गाळणीतून गाळलं, वर लिंबू पिळलं. यांनी ग्लास रिकामा केला आणि म्हणाले, “छान आहे.” लोकांकडे चहा पिऊन म्हणतात ना, तसं. मग स्वतःच ग्लास विसळून पालथा घातला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नावं ठेवली असती तरी चाललं असतं.

मग मी पुदिना कमी केला, आलं वाढवलं, हिरवं सफरचंद घातलं. रोज आपलं छानच. आणि रोज तुमचा राग यायचा. घर सोडून तुम्ही गेलात, घटस्फोटाच्या कागदांवर आधी सही तुमची. मी काही कुणाचं हिसकावून घेतलं नाही. तरी माझ्याच ओट्यापाशी मी चोरासारखी उभी.

गेल्या आठवड्यात चिमणी राहायला आली. मला गाळताना पाहून म्हणाली, “मावशी, चमच्याने काय दाबत बसलीस? आई-बाबा फडक्यात पिळायचे.”

“दोघं?”

“मग! एक टोक आईकडे, एक बाबांकडे. बाबांची बडबड चालायची आणि आई हसून हसून टोक सोडून द्यायची. एकदा तर भिंत हिरवी झाली होती.”

ताई, माझ्याशी हे सकाळी धड चार शब्द बोलत नाहीत. चिमणी अंघोळीला गेल्यावर मी तो डाग शोधला. फ्रिजच्या मागे आहे. घासून घासून हात दुखले, पण गेला नाही.

काल नवं पातळ फडकं आणलं. वाटलेला पाला त्यात ओतला आणि एक टोक यांच्यापुढे धरलं. यांनी ते घेतलं. मी पीळ दिला, यांनीही दिला. फडकं नुसतंच गोल गोल फिरायला लागलं. थेंब पडेना. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

“अहो, उलटं काय फिरवताय?”

हे आपल्या हातांकडे बघत म्हणाले, “ती डावखुरी होती.”

लग्नाला तीन वर्षं झाली, त्यात पहिल्यांदा तुमचा उल्लेख. तुमच्या हाताशी जमावं म्हणून यांनी आपला हात वळवून घेतला होता, आणि तो अजून तसाच वळतो. हे मला फार झोंबलं. चवीचं काय, ती मी आज ना उद्या साधली असती. पण माझ्यासाठी यांनी अजून साधी उशीसुद्धा इकडची तिकडे केलेली नाही.

“मग मीच डाव्या हाताने पिळू का?” चांगलं टोचून विचारलं मी.

“नको, थांब,” हे म्हणाले, “मी बदलतो.”

जरा चाचपडले, मग उलटा पीळ दिला. अर्धा रस पातेल्यात, अर्धा ओट्यावर आणि माझ्या पायावर. यांना हसू आवरेना. मीही हसले, पण टोक सोडलं नाही.

आज सकाळी पुन्हा फडकं आधी नुसतं फिरलंच. मग “अरे हो” म्हणून यांनी हात बदलला. उद्याही बहुतेक तसंच होईल. तेवढा पहिला फेरा तुमचा, ताई. तो मला खुपतो, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण त्यानंतर पातेल्यात पडतो तो रस माझा आहे.

कृती पाठवू नका.

तुमची कुणीच नसलेली, पण रोज तुमच्या जागी उभी राहणारी,
मी