शहादेव, छावणीवर येऊ नको

शहादेव,
मी चारा छावणीवर चाललो. तू आज तिकडं फिरकू नको. ट्रॅक्टरची चावी नेली हाय, चाऱ्याचे गोल गठ्ठे आता मीच हलवीन. तुला कितींदा सांगितलं, ट्रॅक्टरचा सुळा गठ्ठ्यात घुसवला की गठ्ठा खालीच ठेवून चालव. काल तू उंच उचललास, तो निसटला अन् उतारानं गडगडत छबुआत्याच्या गाभण गाईवर गेला. तू पळून आलास, निस्तरायला मी राहिलो.

छावणी चालवणाऱ्या सोसायटीवाल्यांना म्या सांगितलं, गाय आत्यानंच वाटेत बांधली होती. आत्यालाबी तेच सांगितलं. तिला खरं वाटलं. तवापासून "माझ्याच हातानं मारली की रे तिला" म्हणून ऊर बडवून घ्यायली. मेलेली गाय ओढून नेली म्हणून माझ्या पाया पडाय लागली.

तिच्या दारात जाऊन रडत बसू नको. खरं कळलं तर सोसायटी आपल्याला छावणीतून हाकलून देईल. तरी तुला बोलायचंच असलं, तर आधी आपले बैल सोडून घरी आण, रिकाम्या गव्हाणीला बांध, अन् मग जाऊन बोल.

रामकिसनदादा