उंदरांच्या औषधाचे पेढे

चिरंजीव (वय वर्षे एकाहत्तर) अर्जुनराव यांस चिंचवडहून थोरल्या अक्काचा आशीर्वाद. आम्ही इथं सुखरूप. माझं बीपी ताब्यात आहे, सूनबाईचं नाही. तुझा लकव्यानं गेलेला उजवा हात आणि तुझ्या बायकोचा, छबूचा, स्वभाव सध्या कसा आहे ते कळव.

मी सांगतेय नि लिहितेय माझी नात ओवी (आता डॉक्टर, पण सुई टोचणारी नव्हे, कागद वाचणारी). मागच्या महिन्यात ती म्हणाली, "आजी, लकव्याच्या औषधाचं काम संपलं." एवढं ऐकलं नि मी गावठाणात तीन किलो पेढे वाटले. तुलाही डबा पाठवला, वर निरोप धाडला की नातीनं औषध शोधलं, आता हात चालतो बघ तुझा. पेढे संपल्यावर कळलं, पोरीनं औषध शोधलंच नव्हतं. ते कामाचं असल्याचा धड पुरावा नाही, हे शोधलं होतं.

झालं असं, मेंदूला रक्त पोचेना झालं की पेशींत कॅल्शियम घुसतं नि त्या मरतात म्हणे. ती वाट अडवणारी औषधं उंदरांना देऊन बघितलेली. (त्याच जातीची गोळी मी बीपीला घेते. बीपीला ती चांगली, तू तुझी बंद करू नकोस.) ओवीनं असले जगभरचे जुने प्रयोग चार वर्षं वाचले. काही उंदीर सुधारले, काही नाही. आणि सुधारले म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना औषध कुठल्या उंदराला दिलंय ते आधीच ठाऊक! मी म्हटलं, मग बिघडलं काय? तर म्हणते, "आजी, मोदकांची स्पर्धा आठव." अर्जुना, ती गोष्ट अशी. मंडळाच्या स्पर्धेत मी परीक्षक, ताटांवर नुसते नंबर. पण सूनबाईचं पोचा आलेलं ताट मी लांबूनच ओळखलं नि पहिला नंबर देऊन बसले. (मोदक फुटलेले होते. मला तेव्हा दिसले नाहीत, शपथ.) शिवाय उंदराला मुद्दाम झटका आणतात, नि औषध मिळतं दहा-पंधरा मिनिटांत, कधी तर झटक्याच्या आधीच. तुला झटका आला तेव्हा दवाखान्यात नेताना तू चाकणच्या चौकात ट्रकांमागे दोन तास अडकला होतास. उंदराला चौक लागत नाही.

तरी मी ताठ मानेनं फिरतेय. मोठमोठ्या साहेबांपुढं उभी राहून आपली पोर म्हणाली, उंदरांतच नीट सिद्ध झालं नव्हतं, माणसांवर प्रयोगाची घाई नको होती. मी पुन्हा पेढे आणले. सूनबाई म्हणाली, "आत्याबाई, औषध नाही म्हणून पेढे?" म्हटलं, खरं बोलली म्हणून. (ओवी हे लिहायला तयार नव्हती. लिही म्हटलं.)

तुझी अक्का,
रुक्मिणी

ता. क. छबूचा फोन आला होता. औषध येतंय म्हणून तू महिनाभर चेंडू दाबायचा व्यायाम सोडलायस. चूक माझ्या पेढ्यांची, शिक्षा तुझ्या हाताला नको. आजपासून चेंडू हातात घे, बाबा.

आणखी एक. उत्तर उजव्या हातानंच लिही, एक वाकडी ओळ पुरे. अक्काला कुठं वाचता येतंय म्हणून छबूकडून लिहून घेशील, तर ध्यानात ठेव: लहानपणी तुझी पाटी मीच पुसायचे, तुझ्या अक्षराचं वळण मला ठाऊक आहे. आणि ताट ओळखण्यात माझा हात कुणी धरत नाही.