दहा तासांची फुशारकी

लंडन, १२ ऑक्टोबर १९७२

लाडक्या विमलला ताईचे दुरून, पण जवळ घेऊन आशीर्वाद.

माझी तब्येत छान आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

आमचा सुधाकर येईल त्या पाहुण्याला नकाशा दाखवतो. "मुंबई साडेचार हजार मैल, पण विमानाने अवघे दहा तास!" जणू काही विमान हाच उडवतो. काल मी विचारलं, "मग सात वर्षांत आजीला का नाही भेटलास?"

"आई, रजा कुठे मिळते?"

स्पेनला जायला बरी मिळते!

तू मात्र दुखऱ्या पायांनी, पाथर्डीहून दोनदा एस.टी. बदलून, दर महिन्याला संगमनेरला आईकडे जातेस.

ती अजून त्याची वाट पाहते ना? लंडनहून यायला बोटीने तीन आठवडे लागतात, असंच ती समजते. दहा तासांचं तिच्या कानावर घालू नकोस.

तुझीच,
मुक्ताताई