सात नंबरचं नाक

१२ जानेवारी

वास तपासणाऱ्या पॅनेलमधल्या एका बाईंनी आज सोडलं. सर्दी हटत नाही म्हणे. उरले अकरा. बारा हवेतच—आकडेबाईनं सुरुवातीलाच बजावलंय, त्याखाली गेलीस तर हिशेब मागायला माझ्याकडे येऊ नकोस. (संख्याशास्त्र विभागातली माझी मैत्रीण. हे नाव तिला माहीत आहे आणि आवडतंही!)

रात्री जेवताना रडगाणं गायलं. सासूबाई एकदम म्हणाल्या, "मी येऊ का?"

नवरा हसायलाच लागला. "आई, तू? टोमॅटो हुंगायला?"

"का? जन्मभर भाजी मीच आणली ना?"

मी म्हटलं, "आई, कंटाळाल हो. दर आठवड्याला यावं लागेल."

"मग येईन. इथं तरी काय मोठे दिवे लावतेय!"

१५ जानेवारी

आईंची परीक्षा आकडेबाईनं घेतली, मी खोलीबाहेर. तीन बाटल्या. दोन सारख्या, एक वेगळी, वेगळी ती ओळखायची. असं दोनदा. पास! नंबरही तिनंच दिला, फक्त आईंना सांगून. कुणाचा नंबर कोणता हे मला कळता कामा नये. कळलं की मी नकळत चेहरे वाचायला लागेन.

२९ जानेवारी

चौथी फेरी. आईंची पहिली. नवी साडी, केस धुतलेले. साबण बिनवासाचाच वापरला, हे तीनदा सांगितलं.

आमच्या चाचणीच्या खोलीत बारा खण आहेत, प्रत्येकात लाल दिवा. रंग दिसला की माणसाचं नाक डोळ्यांचं ऐकतं, म्हणून. समोर झाकणाचे चार पेले. दुकानातला टोमॅटो, जुन्या वाणाचा, आमचा नवा, आणि एकात नुसतं पाणी. झाकण काढा, हुंगा, चाखा, वासाला दहापैकी गुण द्या. दुकानातल्या टोमॅटोचा वास गेला कुठे, या एका प्रश्नावर माझी सहा वर्षं गेली. आता वाटतं, आमच्या नव्या वाणात तो परत आलाय. वाटून भागत नाही. बारा अनोळखी नाकांनी तसं म्हणायला हवं.

आई बाहेर आल्या त्या मैफल जिंकून आल्यासारख्या. "एक होता तो ओला पुठ्ठा. आणि एक तोंडात गेल्या गेल्या भांडायलाच उठला!" बाकीचे पोट धरून हसले. परतताना बसमध्ये माझ्या हातात हात घालून बसल्या. असं कधी बसल्या नव्हत्या.

१२ फेब्रुवारी

फेरी झाली. नव्या रोपांवर माव्याची कीड. दिवसभर पानं पुसली.

२६ फेब्रुवारी

प्रसिद्धी विभागाचा फोटोग्राफर आला होता. संशोधन दिनाच्या पुस्तिकेत आमचं पान आहे. पांढरा कोट घाला, टोमॅटो हातात धरा, त्याच्याकडे बघून हसा. मी म्हटलं, लॅबमध्ये मी टोमॅटोकडे बघून हसत नाही. "मॅडम, आज हसा!" हसले. फोटोत मी टोमॅटो विकायला बसल्यासारखी दिसते.

पानाचा मथळाही त्यांनी ठरवून टाकलाय—'हरवलेला वास परत!' अजून हिशेब व्हायचाय, म्हटलं. सर म्हणाले, "होईल हो." सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. जे व्हायला हवं ते झालंच आहे असं धरून चालतात. बहुतेक वेळा ते होतंही!

१२ मार्च

हिशेब आला. फरक आहे, पण पुरेसा नाही. योगायोगानंही इतका पडू शकतो.

दुपारभर नुसती बसून होते.

१३ मार्च

आकडेबाई स्वतःच आली. कागद पुढे टाकला. "सात नंबर बघ."

बघितलं. दुकानातला—पाच. जुना—पाच. नवा—सहा. पाणी—पाच! पुढच्या फेरीत पाण्याला सहा. नुसत्या पाण्याला! त्यापुढच्या सगळ्या फेऱ्यांत हेच.

"याला वासच येत नाही," ती म्हणाली. "अंदाजानं लिहितोय. हा काढलास तर तुझा फरक लख्ख दिसतो."

"कोण आहे?"

"नाव नाही सांगणार. नियम तूच केलायस."

खरंय. दुसरा नियमही मीच केलाय—कुणाला वगळायचं तर वासाची पूर्ण चाचणी घेऊन, त्या माणसाला कारण सांगून. मनाला येईल तसं नाही.

जाताना तिनं कागद परत उचलला, तेव्हा दिसलं. सात नंबरच्या पहिल्या तीन रकान्यांत वेगळी शाई आहे, वेगळे गुण आहेत—पाण्याला शून्य, नव्याला आठ. चौथ्या फेरीपासून पाच-सहा, पाच-सहा.

सोडून गेलेल्या बाईंच्या जागी चौथ्या फेरीपासून आलेलं माणूस एकच आहे.

१५ मार्च

रविवार. शेजाऱ्यांनी दाराला रंग दिलाय. सगळ्या जिन्यात डोकं उठवणारा वास. नवऱ्यानं खिडक्या उघडल्या, मुलीनं नाकाला रुमाल लावला. आई उघड्या दाराशी खुर्ची टाकून शब्दकोडं सोडवत होत्या.

"आई, रंगाचा त्रास नाही होत?"

"होतोय की," म्हणाल्या. माझ्या विचारण्यानंतर नाक मुरडलं.

मी मागून कोडं बघितलं. अक्षर किती बारीक झालंय! चौकोनाच्या कोपऱ्यात मुंगीएवढं.

१६ मार्च

लॅबमध्ये काम सोडून वाचत बसले. वाचायला नको होतं. या वयात वास जाणं—कधी काहीच नसतं, नुसतं वय. आणि कधी ती कंपवाताची पहिली खूण असते, हात थरथरण्याच्या कितीतरी आधीची. अक्षर बारीक होणं ही दुसरी.

वीस वर्षं विज्ञान केलं. आज पहिल्यांदा वाटलं, मला हे वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं.

१९ मार्च

नवऱ्याला आडून विचारलं, आईंची तब्येत कशी वाटते? "एकदम मस्त! तुझ्या त्या टोमॅटोंनी दहा वर्षांनी लहान केलंय तिला. पुढच्या वेळी पण घे हं."

विषय तिथंच संपला. मीच संपवला.

२४ मार्च

संध्याकाळी सरांचा फोन. मी जेवणाच्या टेबलापाशी, समोर आई शेंगा सोलतायत. पुस्तिका छपाईला जायचीय.

"एका माणसासाठी सहा वर्षं पाण्यात घालायची?" सर म्हणाले. "वगळा आणि पुढे चला. सगळेच करतात."

"सर, सात नंबरला कारण न सांगता नाही वगळता येणार."

"मग सांगा की! अडलंय कुठे?"

अडलंय कुठे! समोरच बसलंय, दाणे वेगळे नि सालं वेगळी करतंय.

"बघते," म्हणून फोन ठेवला. आईंनी मान वर केली नाही. चार दाणे टेबलाखाली घरंगळले होते, ते मी उचलले.

२७ मार्च

आज बोलायचंच, असं ठरवून घरी आले. आई मुलीला पॅनेलच्या गमती सांगत होत्या—लाल उजेडात सगळे कसे चोरासारखे दिसतात ते. मुलगी खदखदून हसत होती.

नाही बोलले.

३१ मार्च

ठरलं. सात नंबर ठेवायचा. सगळे बारा धरून लेख लिहायचा. जो फरक आहे तो, जेवढा आहे तेवढा. 'वास परत आला असण्याची शक्यता. आणखी चाचण्या हव्यात.' पुस्तिकेतलं पान गेलं. आमच्या जागी मातीच्या विटा करणारे आले.

सरांना वाटलं होतं तेवढा राग आला नाही. उलट बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "आजकाल इतकी तत्त्वाची माणसं राहिली नाहीत." टाळ्याही पडल्या. मी खाली बघत राहिले. तत्त्व कसलं डोंबलाचं! घरातल्या एका माणसाला एक वाक्य सांगायचं धाडस होत नाही, म्हणून सहा वर्षांच्या कामावर पाणी सोडलं.

आकडेबाई टाळ्या वाजवत नव्हती. बाहेर आल्यावर म्हणाली, "तू ओळखलंस ना?"

मी मान हलवली.

"मग हे तू कुणासाठी करतेयस? त्यांच्यासाठी की तुझ्यासाठी?"

मी बस पकडली.

४ एप्रिल

सकाळी दोघीच घरात. आई चहा घेऊन समोर बसल्या.

"सात नंबर मीच ना?"

मी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं.

"अगं, मला दोन वर्षं वास येत नाही. त्या बाटल्या ठोकून दिल्या, लागल्या बरोबर. माझ्या आईचं आधी नाकच गेलं होतं. मग हात. डॉक्टरकडे जाते म्हटलं असतं तर तुझ्या नवऱ्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. म्हटलं, हिच्याकडे मोजतात. हिला आधी कळेल, आणि ही सांगेल. म्हणून तर आले ना मी! फोनवर 'सात नंबर' ऐकलं त्या दिवसापासून वाट बघतेय."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग चहा माझ्याकडे सरकवला.

"मोजलंस ना नीट?"

हो म्हटलं.