करपलेला डिंक

आप्पा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या देगलूरच्या माणसाचा विषय निघाला की माझं अजून बिनसतं. मला नातवंडं झाली, तरीही.

नांदेडची तेलगिरणी सोडून आपण लातूरला आलो, तेव्हा लातूरला जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्यांना ताज्या रंगाचा वास होता आणि गावभर पाण्याची बोंब होती. सोयाबीनच्या कारखान्यात तुम्ही फोरमन, मी प्रयोगशाळेत. तेलातून निघणारा चिकट डिंक वाळवायला मालकांनी ते यंत्र आणलं. उभं नळकांडं, बाहेरून वाफेची ऊब, आत फिरणारी पाती. पाती डिंक भिंतीवर सायीसारखा पसरवतात, आणि आतली हवा पंपानं ओढून घेतलेली असते म्हणून कमी आचेवरच त्यातलं पाणी उडून जातं. हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगत होतात त्याला, त्या देगलूरहून आलेल्या फिटरला. मी तपासायच्या नमुन्याची बाटली घेऊन मागे उभी होते.

त्याचा हात धरून तुम्ही यंत्राच्या अंगावर ठेवता. "आवाज ऐक लेका. पातं घासायलं की आधी कानाला कळतं, मग काट्याला."

"आप्पा, मला बी ऐकू द्या की."

"तुझं काम बाटलीत हाय. इथं पदर अडकंल."

सगळे हसतात. तो एकटा हसत नाही, आणि तेच मला जास्त झोंबतं. रविवारी तो आपल्याकडे जेवायला येतो, तर तुम्ही स्वतः उठून त्याच्या भातावर तूप वाढता. दिवाळीला त्याला तुमचा नांदेडचा पाना, मला साडी. साडी चांगली होती. मी ती नेसले नाही.

त्या उन्हाळ्यात एक दिवस टँकर आलाच नाही. हवा ओढणारा पंप पाण्यावरच चालायचा; त्याला पाणी कमी पडलं, हवा नीट ओढली जाईना, आणि डिंक ओलाच राहतोय म्हणून त्यानं वाफ वाढवली. तुम्ही मालकांकडे गेला होता. तासाभरानं सगळा डिंक भिंतीला करपून बसला, पाती अडकली. दोन दिवस तुम्ही दोघं आत हात घालून खरवडत होता.

मालकांपुढे तुम्ही म्हणालात, "चूक माझी हाय. पाण्याकडं मीच बघायचं होतं." तरी त्यांनी त्यालाच काढलं. घरी आल्यावर तुम्ही मला एवढंच विचारलंत, "नमुना कधी आलता गं?"

"उशिरा," मी म्हणाले.

तुम्ही मान हलवलीत. पुढच्या आठवड्यात मला यंत्रापाशी बोलावून माझा हात तुम्ही त्यावर ठेवलात. "ऐक." मी ऐकलं. तुमचा आवाज मात्र त्याच्याशी बोलतानासारखा नव्हता.

नमुना वेळेवर आला होता, आप्पा. मधाच्या रंगाऐवजी काळ्या चहासारखा. पळत जाऊन सांगायचा नियम होता. मी बाटली खिडकीत ठेवली आणि वाट बघत बसले. तुम्हाला त्याची एकदा तरी चीड यावी, एवढंच हवं होतं.

तो अजून देगलूरला आहे. त्याचा पत्ता मी मिळवलाय. पण कागद पुढे घेतला की तुम्हालाच लिहिते, कारण तुमचं उत्तर येणार नाही.