इलांगची भट्टी

७ डिसेंबर

फुलं आज वाटून घेतली, कुणाचं अत्तराचं तेल सरस निघतं ते बघायला. अर्धी इलांगची फुलं माझ्या नवऱ्याच्या, हलिदीच्या, तांब्याच्या भट्टीत. अर्धी माझ्या भावाच्या काचेच्या बरणीत, केमिकलमध्ये बुडवून. अनफान शिकून आलाय. "ताई, याला विस्तव नको, जवळसुद्धा आणायचा नाही. केमिकल फुलातला वास ओढून घेतं, मग स्वतः उडून जातं." हलिदी हसला. "मेहुणे, फुलांचं लोणचं घालताय होय?" अनफानही हसला. बरं वाटलं.

८ डिसेंबर

बरणी जिंकली. शेजारणींनी दोन्ही अर्क मनगटावर चोळून बघितले. भट्टीच्या तेलाला धुराचा वास. बरणीतल्याला थेट झाडावरचा, आणि निघालाही जास्त. अनफान बोलून गेला, "दाजी, भट्टी आता भंगारात घाला."

हलिदीनं बुक्की मारली. अनफानचा दात पडला. मी मध्ये पडले – मलाही बसली. ओठ टम्म सुजलाय. त्याच्या बापाची भट्टी आहे ती, जिवाला लागलं असेल – पण म्हणून हे? अनफान नुसता रक्त थुंकत राहिला.

१० डिसेंबर

 

काल दुपारी परसात भडका उडाला. धावले. भट्टीवरचं छप्पर पेटलेलं, अनफानचा सदरा पेटलेला, आणि हलिदी त्याच्या छातीवर बसून दोन्ही हातांनी त्याला बडवतोय. काहीतरी ओरडत होता, आगीच्या आवाजात कळेना. मी उखळातलं मुसळ उचललं. मागून डोक्यात घातलं. तो वळायला लागला – पुन्हा घातलं. कवटी फुटल्याचा आवाज आला. आडवा पडला. माझ्याकडेच बघत होता.

अनफान दवाखान्यात आहे, बेशुद्ध. हलिदीला आज पुरलं.

११ डिसेंबर

सगळे म्हणतात, भावाला वाचवलंस. हवालदारही मऊ बोलला – अनफान शुद्धीवर आला की जबाब घेऊ, तोवर गाव सोडू नका. सासू दारात येऊन थुंकली. "त्याचा हात सुटायचा, मान्य. पण माणूस जाळणारा नव्हता माझा पोरगा." मी तिच्या तोंडावर दार आपटलं. माझ्या आईचं घर आहे हे.

१४ डिसेंबर

अनफान बोलायला लागला. हवालदार लिहून घेत होता, मी उशाशी.

"पेटत्या भट्टीत केमिकल मी ओतलं, ताई, रागात. दाजी मला विझवत होते. त्यांचे हात फार भाजलेत का?"